सत्तावन्न पानांचा नकार

तीर्थस्वरूप ताईच्या पायांशी धाकट्याचा नमस्कार. भाऊजींनाही तितकाच, फक्त जरा लांबून (ते पेपर वाचत असतील तर आत्ता हाक मारू नकोस, पेपर घडी करून ठेवल्यावर सांग).

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की जिना चढताना तो कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. आमच्या कार्यालयात अशी दोन-तीन माणसं आहेतच, त्यामुळे मला त्याचं विशेष काही वाटलं नाही, तरी डॉक्टरांना एकदा दाखव. भाऊजींना नवा चष्मा मानवला का? इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला थांबला. ती म्हणते औषधाने थांबला, मी म्हणतो मी खिडकीची फट बुजवली त्याने थांबला. या विषयावर आमचं एकमत होईल असं वाटत नाही, म्हणून तुझं मत कळव. (माझ्या बाजूने असेल तरच कळव.)

आता पत्राचं खरं कारण. ताई, तुझा भाऊ अपील जिंकला. तुला काळजी नको म्हणून हे आधीच सांगून टाकतो, मग बाकीचं निवांत वाच. आमचं कार्यालय सुरू झाल्यापासून आजपर्यंत आमचा एकही नकार अपिलात टिकला नव्हता. माझा टिकला. वरच्या कार्यालयातल्या बाईंनी भर सुनावणीत सांगितलं की असा नकार त्यांनी नोकरीत कधी पाहिला नाही. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की आणखी कशाने, यावर कार्यालयात दोन गट पडलेत. मी पहिल्या गटात आहे.

तुला माहीतच आहे, मी वजनमापे कार्यालयात बसतो. दुकानदारांचे तराजू, पेट्रोलपंपाची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या खऱ्या की खोट्या ते आमची माणसं बघतात, आणि खऱ्या असतील तर त्यांवर शिक्का ठोकतात. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी मला ‘माहिती अधिकारी’ केलं. नावावरून तुला वाटेल की हा माणूस लोकांना माहिती देत असेल. सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी एका दुकानदाराला त्याने विचारलेलं सगळं पटकन सांगून टाकलं, तेव्हा साहेबांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, “अहो, तुम्ही दरवाजा आहात. खिडकी नाही.” त्यानंतर मी दरवाजाचं काम मन लावून शिकलो. कायदा पाठ केला. नियम पाठ केले. ‘गोपनीय’, ‘अंतर्गत बाब’, ‘प्रश्न संदिग्ध’ हे तीन शब्दप्रयोग मी अशा वळणाने लिहायला लागलो की वाचणाऱ्याला आपण काहीतरी अशोभनीय विचारलं असं वाटून तो शरमेने गप्प बसे.

एक माणूस मात्र गप्प बसेना. आमचेच ठोके काका. हे त्यांचं आडनाव नाही. एकतीस वर्षं ते कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसून पितळी वजनांवर हातोडीने शिक्के ठोकत होते, म्हणून सगळे त्यांना ठोके काका म्हणतात. (त्यांची मुलगी शाळेत असताना ‘ठोक्यांची मुलगी’ म्हणूनच ओळखली जायची, तिने लग्न करून आधी तेवढं बदलून घेतलं.) मी बावीस वर्षांचा पोरगा नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी पंखा कोणत्या बटणाने लागतो आणि कोणत्या बटणाने शॉक बसतो हे मला त्यांनीच दाखवलं. मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. हार झाला, चहा झाला, साहेबांचं भाषण झालं, आणि मग सगळे दर्शनी दालनातल्या फलकासमोर उभे राहिले.

हा फलक तू पाहिलेला नाहीस. सागवानी आहे, पुरुषभर उंचीचा, वर सोनेरी अक्षरांत ‘निष्कलंक सेवा’ असं लिहिलंय. वरिष्ठांच्या शेऱ्यांच्या गोपनीय वहीत ज्याच्या नावासमोर एकही वाईट शेरा नाही त्याचं नाव निवृत्तीच्या दिवशी त्यावर रंगवलं जातं. आतापर्यंत नऊ नावं आहेत. ठोके काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बरोबर मुलगी, जावई आणि एक कॅमेरा होता. रंगारी आलाच नव्हता. जावई कॅमेरा धरून थोडा वेळ उभा राहिला, मग त्याने आमच्या गॅलरीतल्या कुंडीचा फोटो काढला. बिचाऱ्याला काहीतरी काढायलाच हवं होतं.

आठवड्याने काकांचा पहिला अर्ज आला. एका ओळीचा: ‘फलकावर माझं नाव का नाही?’ मी उत्तर दिलं: ‘गोपनीय.’ पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज: ‘माझ्याबद्दल काही वाईट शेरा आहे का, असला तर काय?’ मी उत्तर दिलं: ‘अंतर्गत बाब.’ पण आमच्या शिपायाच्या पोटात काही राहत नाही. त्याने बाजारात भाजी घेता घेता काकांना सांगून टाकलं की वहीत तुमच्या नावासमोर ‘वक्तशीर नाही’ असं लिहिलंय. ताई, हा माणूस एकतीस वर्षं कार्यालयाचं कुलूप उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायचा. भाजीची पिशवी तिथेच दुकानात विसरून ते घरी गेले म्हणे.

मग आला तिसरा अर्ज. चार पानं, दोन्ही बाजूंनी, अकरा प्रश्न. गेल्या चौदा वर्षांत कार्यालयातल्या अकराही माणसांपैकी कोण, कोणत्या तारखेला, किती मिनिटं उशिरा आलं? लेटमार्क कोणी मारला, कोणाचा मारला नाही? कोणी किती किरकोळ रजा घेतल्या, त्या कोणी मंजूर केल्या, अर्ज रजेच्या आधी आला की नंतर? आणि सातवा प्रश्न: भिंतीवरचं घड्याळ कोण लावतं, शेवटचं कधी लावलं आणि ते पुढे आहे की मागे?

साहेबांनी अर्ज वाचला आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साहेब मुळात चांगले आहेत, फक्त सकाळी अकराच्या आत ते कोणाला फारसे दिसलेले नाहीत. म्हणाले, “कर्मचाऱ्यांच्या आतल्या भानगडी बाहेर देणार आपण? नाही म्हणून कळवा. आणि असं नाही म्हणा की चौथा अर्ज येता कामा नये.”

मी मोठ्या उत्साहाने बसलो. कायद्यात याची सोय आहे. अर्जाचं उत्तर शोधण्यात कार्यालयाचे चाळीस तासांपेक्षा जास्त जात असतील तर अर्ज ‘कार्यालयाला डोईजड’ म्हणून नाकारता येतो. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की किती तास जातील ते दाखवून द्यावं लागतं. आजवरचे आमचे सगळे नकार याच बारीक अक्षरांवर पडले होते. लोक नुसतं लिहायचे, ‘फार वेळ जाईल.’ फार म्हणजे किती? किराणावाल्याने ‘किलोभर असेल’ म्हटलं तर आम्ही त्याचा तराजू जप्त करतो, आणि स्वतः मात्र ‘फार’ म्हणून मोकळे होतो. मला ते पटलं नाही.

म्हणून मी पेट्रोलपंप तपासायचं प्रमाणित स्टॉपवॉच घेतलं आणि दप्तरबाईंना बरोबर घेऊन दप्तराच्या खोलीत उतरलो. दप्तरबाई म्हणजे आमच्या जुन्या कागदांच्या राखणदार. त्या फार कमी बोलतात. त्या खोलीत इतकी धूळ आहे की तोंड उघडून फायदा नाही हे त्यांना फार पूर्वी कळलंय. कपाटातून एका महिन्याचा हजेरीपट काढायचा, अकरा जणांचे लेटमार्क शोधायचे, रजेच्या फायलीशी ताडून बघायचे, परत ठेवायचं. पहिल्या महिन्याला लागली बावीस मिनिटं. चौदा वर्षांचे महिने एकशे अडुसष्ट. गुणाकार केला: एकसष्ट तास छत्तीस मिनिटं. चाळीसच्या कितीतरी वर.

दुसरा कोणी इथे थांबला असता. पण एका महिन्यावरून एकशे अडुसष्ट महिन्यांचा अंदाज बांधणं म्हणजे पोत्यातला एक दाणा तोलून पोत्याचं वजन सांगणं. मी ठरवलं की सगळे महिने मोजायचे. एकोणीस दिवस आम्ही दोघं त्या खोलीत होतो. वर माझ्या टेबलावर टपाल साचत गेलं, दुकानदार तराजू घेऊन येत आणि तराजू घेऊन परत जात. साहेब एकदा जिन्याच्या तोंडाशी येऊन खाली वाकून म्हणाले, “कामं सगळी खोळंबली आहेत.” मी म्हटलं, “तेच सिद्ध करतोय, साहेब.” ते वर निघून गेले. अखेर एकूण बेरीज आली एकसष्ट तास बेचाळीस मिनिटं. अंदाजात आणि प्रत्यक्षात सहा मिनिटांचा फरक! तुझी भावजय म्हणाली, सहा मिनिटांसाठी एकोणीस दिवस? तिला वजनमापे खात्याची शिस्त समजावून सांगणं कठीण आहे. मी प्रयत्न केला, ती दूध बघायला निघून गेली.

आता नकार लिहायचा. पहिली चार पानं मी लिहिली ती तू वाचावीस असं फार वाटतं, कारण त्यात एक वाक्य सतरा ओळींचं आहे आणि तरी क्रियापद जागेवर आहे. पण खरी ताकद जोडपत्रात. नुसतं ‘बावीस मिनिटं लागली’ लिहिलं तर वरचे म्हणतील, कशावरून? तुम्ही खाली झोपला नसाल कशावरून? म्हणून प्रत्येक महिन्यासमोर मी रकाने पाडले: शोधायला किती वेळ लागला, कोणती वही, किती पानं, आणि शोधून काय सापडलं. अर्जदाराने माणसागणिक विचारलं होतं, तेव्हा शोधही माणसागणिक, आणि रकानेही माणसागणिक. शिवाय वेळ मोजायचा तर घड्याळ खरं हवं, म्हणून स्टॉपवॉच धरून चार दिवस मी भिंतीवरचं घड्याळही तपासलं. सात मिनिटं पुढे निघालं. ताई, वजनमापे कार्यालयाचं घड्याळ! शिपाई म्हणाला, ते त्याच्या आधीच्या शिपायाच्या काळापासून तसंच पुढे आहे. मी ते तळटीपेत घातलं, आणि त्या सात मिनिटांमुळे कोणाचे किती लेटमार्क मुळात लेटमार्क नव्हतेच हेही तारखेनिशी दिलं. सगळी मिळून पानं झाली सत्तावन्न.

साहेबांनी जाडी बघून समाधानाने मान हलवली. “नकारच आहे ना?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “नकारच आहे.” त्यांनी पहिल्या पानावर सही केली आणि मी ते बाड रजिस्टर टपालाने काकांना पाठवलं.

पाठवून झाल्यावर चौथ्या दिवशी साहेबांनी कार्यालयीन प्रत सहज चाळली. केबिनमधून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. चौदा वर्षांची बेरीज शेवटच्या पानावर होती. शिक्केकरी, म्हणजे ठोके काका: चार वेळा उशीर, घड्याळाची दुरुस्ती धरून दोन वेळा. (त्यातला एक दिवस मुलीच्या जन्माचा असेल म्हणावं तर ती तेव्हा शाळेत होती, तेव्हा तो का झाला ते मला माहीत नाही.) मी स्वतः: त्रेपन्न वेळा, दुरुस्ती धरून एकतीस. आणि साहेब, आधी निरीक्षक म्हणून नऊ वर्षं आणि मग साहेब म्हणून पाच: नऊशे बारा. दुरुस्ती धरूनही नऊशे बाराच, कारण त्यांचा एकही उशीर सात मिनिटांच्या आतला नव्हता.

“तुम्ही नकारात सगळी माहिती दिलीत!” साहेब म्हणाले.

“माहिती नाकारण्याची कारणं दिली, साहेब. माहिती त्यांत आली.”

पुढचे आठ दिवस ते माझ्याशी फक्त शिपायामार्फत बोलले. मग कळलं की काकांनी अपील केलंय. साहेब खूश झाले. त्यांना वाटलं आता वरून आदेश येईल, ते बाड परत मागवता येईल आणि वर मला ठपकाही मिळेल. मला मात्र कळेना. काकांना सगळं मिळालं होतं, मग अपील कशाचं?

सुनावणी वरच्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर. लांबलचक टेबल, त्यावर झाकण नसलेला पाण्याचा जग, आणि डोक्यावर एक पंखा, जो प्रत्येक फेरीत एकदा घसा खाकरत होता. बाई साठीच्या जवळ आलेल्या, चष्मा साखळीने गळ्यात. एका बाजूला मी आणि साहेब (वेळेवर! बाहेरगावी गाडीने जायचं होतं, आणि गाडी कोणासाठी थांबत नाही), समोर ठोके काका, इस्त्रीच्या त्याच सदऱ्यात, मांडीवर माझी सत्तावन्न पानं दोरीने बांधलेली.

बाईंनी बाड उलटं-सुलटं केलं. “हा नकार आहे?”

“हो, बाई.”

“सत्तावन्न पानांचा? असा नकार मी नोकरीत कधी पाहिला नाही.”

“जोडपत्रांसह,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझी छाती दोन इंच फुगली होती.

बाई काकांकडे वळल्या. “तुमची तक्रार काय आहे मग?”

काका उभे राहिले. “तक्रार काही नाही. नकार चांगला आहे. चार वेळा वाचला. फक्त जोडपत्राच्या पानांवर शिक्का नाहीये. बिनशिक्क्याचा कागद मी कोणाला दाखवू? तेवढे शिक्के मारून द्या.”

साहेब ताडकन उठले. जोडपत्र चुकून गेलंय, अंतर्गत आहे, कर्मचाऱ्यांच्या खासगी गोष्टी आहेत, ते नकारातून काढून टाकावं असं बरंच बोलले. बाईंनी चष्मा चढवला. म्हणाल्या, “काढा की. पण हा नकार उभा आहे तो या जोडपत्रावर. ते काढलंत तर नकार पडेल. नकार पडला की त्यांना माहिती द्यावी लागेल. आणि माहिती तर हीच आहे.” साहेब खाली बसले. पंख्याने दोनदा घसा खाकरला.

मग बाईंनी निकाल सांगितला. नकार कायम. कारणं पुरेशी, पुरावा पुरेसा, ‘किंबहुना पुरेशाहून अधिक’ (हे शब्द निकालात आहेत, मी झेरॉक्स काढून ठेवली आहे). जोडपत्र हा आदेशाचाच भाग, त्यावर कार्यालयाचा शिक्का इथेच मारून द्यावा. आणि शिक्केकऱ्याच्या वहीतला शेरा या पुराव्याशी जुळत नाही, तेव्हा तो पंधरा दिवसांत खोडून तसं कळवावं.

शिक्का माझ्या बॅगेत होताच. काकांनी हात पुढे केला. “मी मारू?” बाई हसल्या. “तुम्ही अर्जदार आहात. त्यांना मारू दे.” मी शाई लावून पहिला शिक्का मारला, तो एका बाजूने फिका आला. काका टेबलाला वळसा घालून माझ्या मागे येऊन उभे राहिले. “मनगट सैल सोड. दाबू नको, टेकव आणि उचल.” मी टेकवला आणि उचलला. स्वच्छ उमटला. त्रेपन्न पानं अशी झाली. प्रत्येक पानाला ते हळूच “हं” म्हणत होते, आणि बाई पुढची सुनावणी पुकारायची सोडून बघत बसल्या होत्या.

गेल्या सोमवारी रंगारी आला. दहावं नाव. काका सकाळपासून फलकाखाली खुर्ची टाकून बसले होते, आणि रंगाऱ्याला प्रत्येक अक्षराची उंची पट्टीने मोजायला लावत होते. मुलगी आली, जावई आला, कॅमेराही आला. फोटोत काकांच्या शेजारी मी आहे. काकांनीच ओढून उभं केलं. सगळ्यांना सांगत होते, “या पोराने एकोणीस दिवस धूळ खाल्ली माझ्यासाठी.” साहेब हल्ली साडेदहाला येतात. शिपायाने घड्याळ लावलंय. माझ्या नकाराची प्रत आणखी दोन कार्यालयांनी नमुना म्हणून मागवली आहे, आणि ती मी त्यांना कोणताही अर्ज न घेता, सन्मानाने पाठवली. ताई, नोकरीची पंचवीस वर्षं होत आली, पण माझ्या नोकरीत असा आठवडा आला नव्हता.

भाऊजींना हे वाचून दाखव, फक्त आकडे गाळू नकोस. गुडघ्याला जप, मला लवकर लिही.

तुझा,
जिंकलेला धाकटा

ता. क. ताई, वर लिहिलंय की अंदाजावर थांबणं मला पटलं नाही म्हणून सगळे महिने मोजले. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात थांबला. तुझ्याशी तरी खरं बोलावं. एका महिन्याचा नमुना पुरेसा होता, हे मलाही माहीत होतं. पण पहिल्याच दिवशी त्या खोलीत जुनी गोपनीय वही सापडली. बारा वर्षांपूर्वी ओल लागून तिची पानं चिकटायला लागली होती, म्हणून नवी वही उतरवून काढली होती. जुन्या वहीत काकांच्या नावासमोर ‘वक्तशीर, कष्टाळू’ असं आहे. ‘वक्तशीर नाही’ आहे ते खालच्या ओळीत, तेव्हाच्या धाकट्या निरीक्षकासमोर, म्हणजे आजच्या साहेबांसमोर. नव्या वहीत ते दोन शेरे एकमेकांच्या जागी गेले. एक ओळ घसरली, आणि एकाचं नाव फलकावर यायचं राहिलं, दुसरा साहेब झाला. नवी वही माझ्या अक्षरात आहे.

दप्तरबाईंनी ती माझ्या हातात बघितली. घेतली, कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, “पुढचा महिना काढू?” ती वही साहेबांच्या टेबलावर ठेवली असती तर काम दोन मिनिटांचं होतं. ती न दाखवता तेच काम करायला मला एकोणीस दिवस लागले.

आता विनंती. काका येत्या एक तारखेपासून मुलीकडे राहायला येताहेत, तुमच्याच गावात, पोस्टाच्या मागच्या गल्लीत. साहेबांना मी सांगेन, ते माझं फार तर काय करतील, बदली करतील. पण काकांना सांगायला मला तोंड नाही. त्यांनी तो फोटो मोठा करून घेतलाय. तू जरा जाऊन, चहा वगैरे घेऊन, त्यांना तुझ्या पद्धतीने सांगशील का?

ता. क. २. पाकीट फाडून पुन्हा उघडलंय, म्हणून ही चिकटपट्टी. तू काही सांगू नकोस. मी एक तारखेनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारच्या गाडीने जुनी वही घेऊन येतो. तू फक्त त्यांना घरी बोलाव, समोरच्या खुर्चीवर बसव, आणि मी बोलायला सुरुवात करेपर्यंत खोलीतून उठू नकोस. तू उठलीस तर मी त्यांच्याशी तासभर तुझ्या गुडघ्याबद्दल बोलेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईन.